सगळे पंखे लागले

रविवार संध्याकाळ, बेहाला

आज आमच्या चर्चवर सोलर बसलं! बाई, किती आनंद झाला मला! इतकी वर्षं वीज वाचवायची म्हणून एकच पंखा. सगळी मंडळी त्याच्याखाली दाटीवाटीनं बसायची, शेजारच्या मिनोतीदीचं कोपर कायम माझ्या बरगडीत. आज आठही पंखे लागले, तर जो तो आपापल्या जुन्या बाकावर गेला. वारा काय सुरेख! मग गाणं सुरू झालं, पण आवाज इतका बारीक? वळून बघते तर बाकंच बाकं रिकामी. आम्ही नऊच म्हातारी माणसं. एका पंख्याखाली हे कधी कळलंच नाही. की मीच बघितलं नाही?

पाळक म्हणाले, "हे सोलर पंचवीस वर्षं चालेल."

मिनोतीदी म्हणाली, "आणि वारा कुणाला घालणार पाद्रीबाबू, कबुतरांना?"

सगळे हसले, पाळकसुद्धा. पण असं बोलू नये, असं कुणीच म्हणालं नाही.