बाकं वाजवणारे पाहुणे

४ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. उशी विटेसारखी आहे, बाकी तक्रार नाही. इथल्या संसदेला सुधारणेत मदत करायला आम्ही चार खासदार आलोय आणि शिष्टमंडळाचा प्रमुख तुझा दादा आहे, हे शेजारीपाजारी सांगायला विसरू नकोस.

इथे मंत्र्यांना प्रश्न विचारायची सोयच नाही. मंत्री बोलतात, सदस्य माना डोलावतात, मग सगळे जेवायला जातात. एक बाई सदस्य आहेत, आधी सुईण होत्या, म्हणून सगळे त्यांना सुईणबाईच म्हणतात. त्यांच्या गावातलं नवंकोरं प्रसूतिगृह वर्षभर कुलूपबंद आहे. अवघडलेल्या बायका घाट उतरून शहरात येतात. एक तर बसमध्येच बाळंत झाली. का बंद, ते कोणी सांगत नाही. म्हणून मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलंच पाहिजे, असा नियम बाईंनी मांडलाय. शुक्रवारी मतदान आहे. काल मी या विषयावर असं भाषण ठोकलं की दुभाषी मुलीचा घसा बसला. तिला मधेच काहीतरी सांगायचं होतं, पण मी रंगात आलो होतो.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

शेजारी सांगितलं. तू परत कधी येणार, एवढंच त्यांनी विचारलं. तू गेल्यापासून घरात रेडिओ ऐकू येतो.

प्रश्न कसे विचारावेत हे तू शिकवतोयस म्हणे! अरे, जन्मात कोणाला प्रश्न विचारलास का? आई बिचारी भाजी कुठली करू म्हणायची, तर तिला अर्थसंकल्प समजावत बसायचास. त्या मुलीला काय सांगायचं होतं ते तरी विचार. परक्या घरी नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हेही विचारावं लागतं, नाहीतर चिंब भिजायला होतं.

दुसरं म्हणजे, बाजारामागचं बायकांचं स्वच्छतागृह तुझ्या निधीतून कधीचं बांधून तयार आहे. दाराला फीत आणि फितीमागे कुलूप. साहेबांना सवड झाली की उद्घाटन, असं तुझा सचिव सांगतो. भाजीवाल्या दिवसभर पाणी न पिता बसतात. सवड काढ रे बाबा.

धाकटीने उपदेश केला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी वाच.

तुझी ठमी

१६ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. शुक्रवारी मिळालं असतं तर अब्रू वाचली असती.

त्या दिवशी आम्हाला मानाने सदस्यांमध्येच बसवलं होतं. सुईणबाई काय बोलल्या, ठमे! बसमधल्या बाळंतपणाचं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं भाषण संपलं, सभापतींनी मत मागितलं आणि आम्ही चौघांनी सवयीने बाकं वाजवली. दणादण! आपल्याकडे शाबासकी अशीच देतात ना. इथे पसंत असेल तर उभं राहतात आणि नापसंत असेल तर बाक वाजवतात. सुधारणा शिकवायला आलेलेच विरोध करतायत म्हटल्यावर उठू पाहणारेही गडबडून खाली बसले. ठराव आपटला. सुईणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बाकाखाली शिरावंसं वाटलं. दुभाषी मुलीला नेमकं हेच सांगायचं होतं.

सोमवारी बाई हटून बसल्या की पाहुण्यांनी सभागृहात खुलासा केल्याशिवाय आपण हलणार नाही. म्हणजे बघ, या सभागृहात प्रश्नाला उत्तर देणारा पहिला माणूस कोण, तर मी! त्यांनी विचारलं की एवढं शिकवलंत, पण आम्ही इथे मत कसं देतो हे एकदा तरी विचारलंत का. माझ्या तोंडात दहा सबबी आल्या. शेवटी म्हटलं, नाही विचारलं, चुकलो. अख्खं सभागृह हसलं आणि मीही हसलो. उत्तर देऊन माणूस मरत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा मत घेतलं, तर एकेक करत बहुतेक सगळे उभे राहिले. आम्ही चौघे हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

लगेच बाईंनी आरोग्यमंत्र्यांना विचारलं, प्रसूतिगृह बंद का? मंत्र्यांनी कागद चाळले, घसा साफ केला आणि हळूच सांगितलं की उद्घाटनाला सवड झाली नाही.

या वेळी कोणी हसलं नाही. मी तर मान वर केली नाही, खिशात तुझं पत्र होतं. इथल्या प्रसूतिगृहाचं कुलूप कालच निघालं. आपल्या सचिवाला कळवलंय, स्वच्छतागृहाची किल्ली तुला देईल. फीत तूच काप, माझी वाट बघू नका.

लोभ कमी झाला असेल तर हक्क आहे तुझा.

तुझा ओशाळलेला दादा

२२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

किल्ली मिळाली. कात्री घेऊन गेले, दोन शब्द बोलायचीही तयारी केली होती. शेवटी बहीण तुझीच. पण कुलूप काढलं मात्र, एक भाजीवाली मला बाजूला सारून फितीसकट आत पळाली. तेव्हा उद्घाटन झालं, जिला सगळ्यात घाई होती तिच्या हस्ते. बाहेरच्या बायकांनी तराजूची पारडी दणादण वाजवली.

पसंती होती. मी विचारून घेतलं.

लवकर ये. रेडिओचाही कंटाळा आलाय.

तुझी ठमी