खुर्चीत बसणारा

वसतिगृह, ५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागावली असशील तर निम्मा राग वाचून होईपर्यंत राखून ठेव.

मला प्रबंधाचा विषय मिळाला. आजारी माणसांच्या खुर्च्या. हसू नकोस. कला आणि डिझाइनच्या इतिहासात सगळे सिंहासनांवर लिहितात, नाहीतर प्रसिद्ध डिझायनरांच्या खुर्च्यांवर. आप्पांच्या खुर्चीसारख्या खुर्चीवर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि न सापडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही हे तू जाणतेस.

आधी मी लायब्ररीच्या संगणकावर नुसतं ‘खुर्ची’ शोधत बसले. ढीगभर पुस्तकं निघाली, कामाचं एकही नाही. शेवटी आमच्या विषयाच्या ग्रंथपाल बाईंकडे गेले. कापडाच्या दुकानात भाजी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अगं, कलेच्या मजल्यावर ही खुर्ची कशी येईल, ती वैद्यकाच्या मजल्यावर असणार. मग त्यांनी मला विशेष संग्रहाच्या खोलीत नेलं. तिथे फर्निचरच्या जुन्या कारखान्यांचे कॅटलॉग आहेत, दुकानदारांना वाटण्यासाठी छापलेले.

तिथले नियम तुला आवडतील. पिशवी बाहेर. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पुस्तक टेबलावर उघडं टाकायचं नाही, स्पंजच्या उतरत्या उशांवर ठेवायचं, आणि पान मिटू नये म्हणून त्यावर वजन भरलेली कापडी दोरी ठेवायची. बाळाला निजवल्यासारखं. तिथलं काहीही बाहेर नेता येत नाही. तिथेच वाचायचं आणि बंद व्हायच्या वेळी परत द्यायचं. मी सकाळी शिरते ती दिवे घालवायला लागले की निघते.

ठरल्याप्रमाणे ऑगस्ट लागताच प्रबंध देऊन मी घरी येते. मग आप्पा माझ्याकडे आणि तू नाटक कंपनीच्या कपडेपटात. तसं कंपनीला कळवून टाक. तुझी कात्री वाट बघून बोथट झाली असेल.

एक काम कर. आप्पांच्या खुर्चीची मापं पाठव. कपडे बेतणाऱ्या बाईची मापं म्हणजे परीक्षकसुद्धा काय बोलणार?

आप्पांना नमस्कार. लोभ आहेच, आणखी केलास तर नको म्हणणार नाही.

तुझी
खार


घर, १४ जून

चि. खारीस,
अ. आ.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. पुढच्या फळीचं माप घ्यायला वेळ लागला, कारण आप्पांनी टेपचं टोक धरलं ते सोडेनात. मला वाटलं खेळतायत. खेळत नव्हते, फळीच्या कडेखाली काय आहे ते टेपने चाचपत होते.

तुझ्या कामाचं असेल तर लिहून घे. फळी मांडीवर आडवी येते आणि खटक्यात बसते. खटका सीटच्या खाली, पार मागे. बसलेल्याचा हात तिथे पोचत नाही. उजवा हात तर झटका आल्यापासून निकामी आहे, डाव्याने शोधत राहतात. सगळ्या गल्लीची कुलुपं या माणसाने उघडून दिली, आणि ही फळी कुठून उघडते ते त्यांना सापडत नाही. मी सांगत नाही. सांगितलं तर उठतील आणि उठले तर पडतील. मागे पडले तेव्हाच हॉस्पिटलवाल्यांनी ही खुर्ची दिली.

बोलणं आहे तेवढंच. एक ‘बघ’ राहिलाय. पाणी हवं तरी बघ, नको तरी बघ. म्हणून तर तुला पत्र लिहायला लावते. फोनवर ते नुसते श्वास घेतात. पत्र मी मोठ्याने वाचते, संपलं की बोटाने पुन्हा पहिल्या ओळीवर नेतात.

कपडेपटाच्या बाईंचं उत्तर आलं. नव्या नाटकाचं काम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतंय, तोवर जागा ठेवतील, मग दुसरी कापणारी बघतील. मी बेतलेला कोट अजून वापरात आहे म्हणे, कुठे उसवलेला नाही. एवढं वाचून मी उगीचच उठून आरशात पाहून आले.

सुटकेस काढली. कुलूप गंजून बसलंय, किल्ली फिरत नाही. घरात कुलूपवाला असताना दुसऱ्याच्या दुकानात कशी नेऊ? आप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, बघ. मी पलंगाखाली सरकवून दिली. एका हाताने व्हायचं नाही, आणि झालं नाही की दिवसभर तोंड फिरवून बसतील.

तुझ्या त्या खोलीतली पुस्तकं आणि मी, आमची एकच जात. बाहेर नेण्यास मनाई. त्यांना निदान स्पंजची उशी मिळते.

जेवत जा. खारीसारखं नुसतं साठवत बसू नकोस. माया आहे, ती गृहीत धर.

ताई


वसतिगृह, २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी ऐक. आप्पांची खुर्ची सापडली! म्हणजे तिची पणजी. एका कॅटलॉगमध्ये आहे. फळी तीच, खटकाही तसाच. कारखान्याने त्याचीच जाहिरात केलीय: ‘खटका बसणाऱ्याच्या हाताबाहेर, घरच्यांना निर्धास्त झोप.’ तुझ्या मापांशी ताडून पाहिलं, बोटभराचाही फरक नाही. मी खोलीत जवळजवळ ओरडले. समोरच्या टेबलावरच्या माणसाने दोरी उचलून मारायचंच बाकी ठेवलं.

फोटो काढायची परवानगी मिळते, पण मी चित्रच काढलं, कारण खालची बाजू फोटोत नीट येत नाही. सोबत पाठवतेय. खुर्ची उलटी केल्यावर दिसते तशी, खटक्यापाशी बाण. आप्पांना दाखव. कारागिराला दुसऱ्या कारागिराचं काम बघायला आवडेल.

आता अडचण. मार्गदर्शक सरांना पहिलं प्रकरण दिलं होतं. त्यांनी समासात एकच प्रश्न लिहून परत केलं: बसणारा कुठे आहे? त्यांचं बरोबर आहे. कॅटलॉग दुकानदाराशी बोलतो, दुकानदार घरच्यांशी. चित्रात खुर्ची रिकामी. लायब्ररीच्या चित्रसंग्रहात शोधलं, तिथे बनवणाऱ्याचं नाव, लाकूड, साल, सगळं आहे, बसणाऱ्यासाठी रकानाच नाही. दुसऱ्या शहरातल्या एका लायब्ररीत जुन्या रुग्णांच्या आठवणींचं पुस्तक आहे. आमच्या लायब्ररीतर्फे ते मागवलंय. कधी येईल ते कुणी सांगत नाही.

तेव्हा ताई, मुदत वाढवून घेते. हिवाळ्यापर्यंत. त्याच्यापुढे नाही. बसणाऱ्याला शोधल्याशिवाय हा प्रबंध म्हणजे लाकडाची यादी आहे. कपडेपटाच्या बाई थांबतील ना? तुझ्यासारखी कापणारी त्यांना कुठे मिळणार आहे?

सरळ सांगते, मला इथून निघताच येत नाही. एका कॅटलॉगच्या शेवटी दुसऱ्याचं नाव असतं, ते मागवलं की त्यात तिसऱ्याचं. बाहेर आले की उजेड डोळ्यांत खुपतो.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी
खार


घर, ११ जुलै

चि. खारीस,
अ. आ.

बसणारा खिडकीशी आहे. सरांना कळव. निळा सदरा, वरचं बटण मी तोडून सैल केलेलं. आत्ता रस्त्यावरच्या सायकली बघतोय. त्याला शोधायला दुसऱ्या शहरातून पुस्तक मागवावं लागत नाही.

तू त्याच्याच हाडामांसाची आहेस आणि त्याची मापं माझ्याकडे मागतेस. मी ती पाठवली, चूक माझीच.

मुदतीचा भाग मला वाचून दाखवायचा नव्हता. डोळे पुढे गेले आणि मी अडखळले. आप्पांनी पत्रावर बोट ठेवलं. मग वाचला. आप्पांनी हात पुढे केला आणि चित्र मागून घेतलं. दुपारभर फळीवर ठेवून उलटसुलट करत होते. मला बरं वाटलं, त्यांचा वेळ जातोय. पाठ खाजवायची खूण करून माझी लाकडी पट्टी मागितली, तीही दिली.

बाई थांबणार नाहीत. त्यांच्याकडे नाटक आहे, प्रबंध नाही. उद्या मी त्यांना नकार टाकून येते. तुला दोष देत नाही. दोष द्यायलाही फुरसत लागते.

दुधाचं भांडं उतू जातंय. इथेच थांबते.

ताई


घर, १५ जुलै

चि. खारीस,
अ. आ.

घाबरू नकोस, सगळे धड आहोत. बसून वाच.

नकाराचं पत्र पेटीत टाकायला मी कोपऱ्यापर्यंत गेले होते. येताना शेजारच्या सुतारकाकांनी दोन शब्द बोलायला थांबवलं, बस तेवढंच. परत आले तर खुर्ची रिकामी. फळी एका बिजागरीवर लोंबत होती. पट्टी खाली पडली होती, आणि तुझं चित्र फळीला गोंदाने चिकटवल्यासारखं, घामाने.

मी न्हाणीघरात पाहिलं, दारात पाहिलं. हाक मारली तर माझ्याच खोलीतून आवाज आला: बघ.

जमिनीवर बसले होते, पलंगाला पाठ टेकून. सदरा पोटावर फाटलेला, गुडघा खरचटलेला. भिंत धरून गेले असणार, कारण भिंतीवर हाताची लांब रेघ आहे. पायांमध्ये सुटकेस. माझ्या मशीनची तेलाची बुदली आडवी पडलेली, आणि डाव्या हातात शिवण उसवायची सुई. कुलूप उघडलं होतं. झाकण सताड मागे टाकलेलं. पुन्हा म्हणाले, बघ.

मी बघितलं. किल्ली घालून फिरवून दाखवली त्यांना. लोण्यासारखी फिरते.

उठवायला सुतारकाका आले. खुर्चीत बसवलं. फळी लावायला मी खाली वाकले तेव्हा त्यांनी मान फिरवली. लावली. लावावी लागते गं.

पेटीत पडलेलं पत्र परत मिळत नाही. म्हणून बाईंना फोन केला आणि म्हटलं, माझं एक पत्र येईल, ते न वाचता फाडा, मी येते. त्या हसल्या.

तू ये असं मी लिहीत नाही. मी जाते आहे, एवढंच लिहिते. सुटकेस पलंगावर उघडी आहे.

अजूनही तुझी,
ताई


घर, ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. नायिकेचा झगा तालमीत दोनदा उसवला आणि तू दोन्ही वेळा नट्यांवर ओरडलीस हे वाचून आप्पांनी बोट पहिल्या ओळीवर नेलं. तीनदा वाचला तो भाग. ओरडण्याचा सराव घरीच झालाय असं त्यांना म्हणायचं असावं.

माझं चाललंय. लायब्ररीचं जे संगणकावर उघडतं तेवढं इथून उघडते, ग्रंथपाल बाई एखादं पान छापून पाठवतात. बाकीचं तिथेच, उशांवर. मागवलेलं ते रुग्णांचं पुस्तक मी निघाल्यावर आलं म्हणे. कुणी न्यायला आलं नाही म्हणून न उघडता परत गेलं. खोटं कशाला बोलू, दिवसाचे किती तरी तास मी अजून त्या खोलीतच असते. समोर आप्पा, आणि मी मनात पान उलटतेय.

आता जे सांगायचं ते. तू गेल्यापासून मी फळी लावलीच नव्हती. तुला लिहिलं नाही, कारण तू फाडून खाल्लं असतंस. मला वाटायचं, इतकं वाचल्यावर हा खटका मी कशी लावेन? मी पुढ्यातच बसून राहायचे. दार उघडायलाही उठायचे नाही. दूधवाला खिडकीतून दूध द्यायला लागला. शेवटी आम्ही दोघंही खुर्चीला खिळलो, ते त्यांच्या, मी माझ्या.

काल डोळा लागला. जाग आली तेव्हा ते उंबऱ्याशी होते आणि झुकत होते. सदरा हाताला लागला, तोच निळा. दोघंही खाली. लागलं नाही. बराच वेळ जमिनीवर बसून होतो. त्यांचा श्वास माझ्या मानेवर. कुठे निघाला होतात, असं मी विचारलं. 

खुर्चीत बसवलं. मग मी मागे जाऊन वाकले आणि खटका लावला.

ताई, त्याचा आवाज होतो. बारीक, पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा. ते सगळे कॅटलॉग मी पाहिले, कुठेही लिहिलेलं नाही. तूही कधी कळवलं नाहीस.

पुढे आले तर आप्पा फळी हलवून बघत होते. माझ्या हातून खटका अर्धाच बसला होता. फळी खुळखुळत होती. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, दुकानात शिकाऊ पोराच्या कामाकडे बघायचे तसं फळीकडे पाहिलं आणि बोटाने ठोकून म्हणाले, बघ.

मी परत मागे गेले आणि नीट लावला. त्यांनी हलवून पाहिली. हलली नाही. त्यांनी मान डोलावली आणि खिडकीकडे तोंड केलं.

सरांना हे प्रकरण कसं द्यायचं, कळत नाही. कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेय. पेन्सिल आप्पांकडे आहे, देत नाहीत.

शिवणीत आत सोडतेस तसा थोडा लोभ आत सोडून ठेव. पुढे सैल करायला लागेल.

तुझी
खार