पोट सैल सोडताना

इंदूर,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय अमू,

जबलपुरातली थंडी आता ओसरली असेल. लक्ष्मीकांतरावांचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक. हे सियागंजात किराण्याच्या दुकानावर जातात, जयेश मोबाइलच्या शोरूममध्ये लागला, संहिताचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. दिवाळीला फोनवर हेच सांगितलं होतं. तरी पुन्हा लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

आधी हसण्यासारखं सांगते. मी नाच शिकते आहे!

कंबर धरली होती, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. स्नेहलतागंजात दुपारी बायकांचा क्लास असतो, तिथे नाव घातलं. गेल्यावर कळलं, हा तर बेली डान्स! परत फिरणार तोच शिकवणारी उर्वी दारात आली. आपल्या संहितापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी. म्हणाली, "मावशी, एक दिन करके तो बघा. नाही जमलं तर जा." तिने माझ्या कमरेला नाण्यांची झालर लावलेली ओढणी बांधली. अनवाणी उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे, खांदे हलू द्यायचे नाहीत आणि नुसत्या कमरेने आठचा आकडा काढायचा. "मराठी आठ की इंग्रजी?" मी विचारलं, तर सगळ्या खो-खो हसल्या.

हे म्हणाले, "अब ये भी देखना था?" आणि पेपर वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच स्कूटरवरून सोडायला आले.

उर्वी म्हणते, व्यायाम म्हणून केलं तर कंबर मोकळी होईल, ढोल ऐकून केलं तर नाच होईल. तिच्या कॅसेटवरचा ढोल सुरू झाला की मला मिलचं क्वार्टर आठवतं. बाबा पाळीला गेले की तू रेडिओ लावायचीस, आईच्या साडीचा पदर खोचून नाचायचीस, मी खिडकीशी पहाऱ्यावर. रेडिओवर बातम्या लागल्या तर भिंतीपलीकडच्या मागांच्या खडखडाटावर ठेका धरायचीस. "ये ना गं!" म्हणून ओढायचीस. मी कधीच आले नाही. मला नाचता येत नाही म्हणून नव्हे, अमू. तुझ्यासारखं येत नाही म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात उर्वीने पोटाचा गोल शिकवायला घेतला. "पोट आत ओढू नका, सैल सोडा." सगळ्यांचं सुटलं, माझं सुटेना. तिने तळहात ठेवला आणि थट्टेने म्हणाली, "इथे काय धरून ठेवलंय, मावशी?" मी खालीच बसले आणि रडले. बायकांना वाटलं, कंबर दुखली.

मिल बंद होऊन यांची नोकरी गेली, त्या वर्षी मला तिसरा महिना होता. आपोआप गेलं, असं मी तुला सांगितलं. ते आपोआप गेलं नाही. मी दवाखान्यात जाऊन पाडून घेतलं. हे घरी बसलेले, दोन पोरं पदरात. यांनाही वाटलं की मी त्यापायीच केलं.

पण त्याआधी चार दिवस तुझं पत्र आलं होतं. "ताई, हे मूल मला दे. मी जिवापाड वाढवीन." पत्र उशिरा मिळालं, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि यांना दाखवलंच नाही. माझं मूल तुला आई म्हणेल आणि मला मावशी, एवढंच मला सोसवेना. आज ते अकरा वर्षांचं असतं.

रडून झाल्यावर वाटलं, आता तिथे जाऊ नये. तरी दुसऱ्या दिवशी गेले. काल पोटाचा अख्खा गोल जमला. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. ऐकून उठले, कोरा कागद आणि पेन आणून दिलं. मग म्हणाले, "अमिताला लिही. पोस्टात मी टाकतो."

माफी कुठल्या तोंडाने मागू? फोन केलास तर उचलेन, भांडायला आलीस तर समोर बसून सगळं ऐकेन. काहीच कळवलं नाहीस, तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तू अजून म्हणशील तर तुझी ताई,
नाहीतर नुसती
सरोजिनी