दिव्याशेजारचं बटण

उंब्रज, ता. ११ मार्च १९७४

चि. मधूस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम, फक्त अंधार आहे.

यंदा यात्रेत आम्हा बायकांचं नाटक आहे. यात्रेचे पंच दादासो म्हणाले, संध्याकाळची वेळ पायजे तर दिवं तुमचं तुमी लावा, न्हाईतर दुपारी करा. दुपारी उन्हात कोण बसणार? वायरमन तर बायकांच्या कामाला यायलाच तयार नाही. मग तू पाठवलेली सर्किटची आकृती पुढ्यात घेऊन मीच वायरी ओढल्या.

तू दिव्याशेजारी बटण काढलंस, म्हणून मीही ते वर बांबूवर, दिव्याशेजारीच बसवलं. अंबूबाई विचारते, आवं वैनी, राणीचं सोंग घिऊन मी शिडीवर चढू व्हय? आणि मेन लावताच फ्यूज उडाला. रांगोळीत जुळवतात तशा रेघा जुळवल्या होत्या रे. जिथे रेघेवरून रेघ गेली, तिथे वायरी सोलून पक्क्या पिळल्या. आता तूच सांग.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाड.
तुझी अक्का, विजयमाला

सांगली, ता. १४ मार्च १९७४

ती. सौ. अक्कास मधूचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. मेन बंद ठेव आणि मगच पुढचं वाच.

सर्किटची आकृती वीज कशी फिरते एवढंच सांगते, वस्तू कुठे बसवायची ते नाही. वंशावळीत मी तुझ्याशेजारी आहे, म्हणून काही उंब्रजला जेवत नाही; खानावळीतली आमटीच पितो. शिवाय रेघा एकमेकींवरून गेल्या, तरी तिथे ठिपका असेल तरच जोड. ठिपका नसेल तर त्या अबोला धरून नुसत्या शेजारून जाणाऱ्या जावा समज. तुझ्या पिळलेल्या वायरी आधी सोडव आणि सोललेल्या जागी पट्टी गुंडाळ.

सोबत आणखी दोन आकृत्या आहेत. चौकोनांची आकृती कशानंतर काय येतं ते दाखवते: मेन, फ्यूज, बटणं, दिवे. वायरिंगची आकृती तुझ्या मंडपाप्रमाणे काढली आहे, कुठल्या स्क्रूपासून कुठल्या स्क्रूपर्यंत वायर न्यायची ते सांगणारी. बटणं खाली, विंगेत. अक्का, तुला जमणार, मला खात्री आहे.

माया अशीच राहू दे, आणि थोडी चटणीही पाठव.
तुझा मधु

उंब्रज, ता. ९ एप्रिल १९७४

चि. मधूस अनेक आशीर्वाद. वि. वि. लागले! सगळे दिवे लागले!

विंगेत उभं राहून मीच बटण दाबलं. उजेड पडला आणि मागे उभे असलेलेही पुढे येऊन बसले. अंबूबाई पहिलं वाक्य विसरली, तरी लोक शेवटपर्यंत हलले नाहीत. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता, हे तुझ्या दाजींना कळवू नकोस.

खेळ संपल्यावर दादासो स्टेजवर आले आणि म्हणाले, फुडल्या साली बायकांचा खेळ संध्याकाळीच, आन् दिवं आमी देऊ. मी पदर सावरून विंगेतून पुढे आले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, संध्याकाळची वेळ घेतो, दिवे मात्र आमचेच राहतील.

चटणी पाठवली आहे. लोभ वाढता ठेव.
तुझी अक्का