काचेमागचं ऊन

पेण. मंगळवार, संध्याकाळ.

आज नव्या टॉवरमधल्या आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. मी आत गेले ती थेट गॅलरी बघायला. गॅलरी नाहीच. खालपासून वरपर्यंत काच, स्टीलच्या चौकटीत पक्की बसवलेली, न उघडणारी.

हा टॉवर आमच्या अंगणावर उभा आहे. त्याच अंगणात, पोह्याचे पापड घातलेल्या खाटेशेजारी बसून सुधीरने नकाशा दाखवला होता. टॉवरचा आराखडा त्यानेच काढलेला, माझ्या धाकट्या भावाने. ‘ताई, ही तुझी पापडांची गॅलरी,’ म्हणाला होता. म्हणून मी जागा दिली. दुसऱ्या कोणाला दिली असती का?

फोन केला. ‘अगो ताई, गॅलरीत लोक कपडे वाळत घालतात. समोरून बरं नाय दिसत. काचेतून ऊन येतंय ना?’

ऊन येतं. पण वारा? वाऱ्याशिवाय पापडांना कुबट वास येतो, हे आईच्या हाताखाली तोही शिकलाय. गॅलरी कधी काढून टाकलीस, विचारलं.

त्यावर म्हणाला, ‘पापड वरसे गावाला माझ्याकडे आण. माझं अंगण मोठं हाय.’

स्वतःचं घर बांधताना त्याला अंगण बरोबर आठवलं.