टाकीचं फडकं

९ एप्रिल २०१५
पाणीघर माझं! डॉक्टर मॅडमनी आज किल्ली हातात दिली. म्हणाल्या, "गजाला, आजपासून पाण्याचं काही झालं तर तुझी मान." माझी मान तर आनंदाने आणखीच ताठ! अम्मीला अमरावतीला फोन केला. ती म्हणते — नर्स नाही, डॉक्टर नाही, पाणीवाली झालीस होय? झाले! डायलिसिसची सहा मशिनं, आणि पेशंटच्या रक्ताशेजारून जे पाणी वाहतं ते सगळं माझ्या देखरेखीखालून जातं. मध्ये फक्त एक पातळ पडदा. पाणी बिघडलं की माणूस बिघडला. खरं तर भीती वाटायला हवी. मला उड्या माराव्याशा वाटताहेत!

१३ एप्रिल
सकाळी क्लोरीन तपासलं. बाटलीत रंग आलाच नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. रंग न आल्याचा इतका आनंद होणारी अख्ख्या अकोल्यात मी एकटीच असेन! मशीन लावणारा दानियाल म्हणतो, "तू पाण्याशीच निकाह लाव." लावते की. पाणी घोरत तरी नाही!

१८ एप्रिल
हिवरखेडचे खुशालराव काका मंगळवारी आणि शनिवारी येतात. सोबत बायको, मैनाबाई काकू. पहाटे निघायचं, अकोटला एसटी बदलायची. काका खुर्चीत टीव्ही बघत पडतात. काकूंना दुपारभर बसायला जागा नाही, बाहेर ऊन आग ओकतंय. म्हणून मी त्यांना पाणीघरात बसवलं, तिथे गार असतं. बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नसतं, ठाऊक आहे — पण काकू काय बाहेरच्या?

टाकी दाखवली. "एवढं पानी, अन् पेत नाई कोनी?"

"काका पितात ना, रक्तानं!"

काकूंनी टाकीला हातच जोडले. इतकं गोड वाटलं मला!

२५ एप्रिल
पेशंटना थंडी! बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत एकामागून एक तिघांना हुडहुडी. काकांचे दात वाजत होते, मला लांबून ऐकू येत होते. सगळी मशिनं बंद केली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पाणी." काकांना भरती करून घेतलंय.

२६ एप्रिल
सापडलं!! टाकीचं झाकण उघडलं, तर मशिनांकडून परत आलेलं पाणी जिथून टाकीत पडतं त्या नळीच्या तोंडाला फडकं! जुन्या धोतराचं, पांढरंशुभ्र, दुहेरी, वर सुतळीची गाठ. घरी नळाला बांधतात अगदी तसं. हात लावला तर बुळबुळीत.

काकूंना विचारलं. लपवणं नाहीच! "म्याच बांधलं वं माय, मांगच्या मंगयवारी. यायच्या रक्तात जाते म्हनतं, मंग गायल्याबिगर कसं जाऊ द्याव? धुऊन, उन्हात वायवून आनलं होतं."

म्हणजे नवऱ्याच्या रक्तात पाणी गाळूनच जायला हवं! जंतूंना तेच फडकं घर झालं, आणि तिथून ते सगळ्या मशिनांत गेले, असं समजावलं. काकू नुसती मान हलवत राहिल्या. काकांचा ताप उतरलाय. मॅडमनी मला झाडून काढलं. बरोबरच आहे, दार मी उघडं ठेवलं होतं.

३० एप्रिल
टाकी, नळ्या, मशिनं — सगळं औषधाने धुतलं, परत धुतलं. हाताची सालं निघाली. नमुने लॅबला गेलेत. तोवर युनिट बंद आणि पेशंट अमरावतीला. काका त्या प्रवासाने पार गळून गेलेत. अल्ला, एवढं एकदा स्वच्छ येऊ दे!

८ मे
स्वच्छ! स्वच्छ! स्वच्छ! एक जंतू नाही! पाणीघरात नाचले मी, मॅडमनी दारातून पाहिलं तरी नाचले. दानियालने बर्फी आणली. मी एकटीनेच निम्मी खाल्ली.

९ मे
युनिट सुरू! सगळे पेशंट खुर्च्यांवर, सगळ्यांचे नातेवाईक दारात, जणू लग्नघरच. सगळे विचारू लागले, काय झालं होतं पाण्याला? मग काय, मी फडक्याची गोष्टच करून दाखवली! काकूंची नक्कल — पदर खोचणं, टाकीला हात जोडणं, सुतळीची गाठ मारणं. वॉर्ड हसून हसून बेजार. सिस्टर तर खालीच बसली. काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून! काका मात्र टीव्हीकडेच बघत होते. त्यांना विनोद कळत नाहीत बहुतेक.

१२ मे
पाणी झकास. काका आले नाहीत. दानियाल म्हणतो, लग्नसराई आहे, गेले असतील कुठे तरी.

१६ मे
आजही खुर्ची रिकामी. फोन लागत नाही. मॅडम दोनदा विचारून गेल्या. इतके दिवस डायलिसिसशिवाय? पाणी अंगातच साचत जातं माणसाच्या. आज बर्फीचा पुडा उघडवेना.

१७ मे
सकाळी त्यांच्या मुलाचा, अंकुरचा फोन. "बाबाले दम लागते, आडवं होता येत नाई. माय येऊच देत नाई. म्हनते, साऱ्याईचं पानी आपल्यानं बाटलं, सारे हासले, आता कोन्या तोंडानं जावाव?"

त्या दिवशी पदराआड काकू हसत नव्हत्या.

मॅडम रुग्णवाहिका पाठवताहेत. मी थांबले नाही, अकोटच्या एसटीत बसलेय. काकूंनी दार उघडलं पाहिजे.