वाढलेल्या आकड्यांचे अभिनंदन

तीर्थस्वरूप दादांस,

डॉक्टरांनी पालथे झोपण्याची सक्ती केल्यामुळे साष्टांग नमस्कार आयताच घडला आहे. तो गोड मानून घ्यावा. आपले गुडघे आणि वहिनींचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत असावेत अशी आशा करतो. (फोन न करता पत्राचा फोटो पाठवतो आहे, कारण बोलताना मला धाप लागते आणि आपण मधेच बोलता.)

आपली भगिनी (म्हणजे माझी सौ.) आणि मी एकाच रुग्णालयात आहोत. ती बायकांच्या कक्षात, मी पुरुषांच्या. मधे एक जिना आणि कोणाचेही न ऐकणारा रखवालदार. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर असे रक्ताचे अहवाल आले, तेव्हा कोविडशी शरीर किती लढते आहे हे त्यांवरून कळते, एवढेच मला सांगण्यात आले. माझे सर्व आकडे मर्यादेच्या कितीतरी वर. वाणिज्य शाखेच्या माणसाला वाढीचे वाईट वाटत नाही (तोट्याची वाढ सोडून, हे तेव्हा सुचले नाही). मी ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. आपण स्वतः ‘शाब्बास’ असे कळवलेत, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो काका, अभिनंदन कसलं घेताय? शरीराचे शिपाई चोर सोडून घरातलीच भांडीकुंडी फोडतायत!” तेव्हापासून माझी झोप उडाली. शेजारच्या खाटेवर एक बसचालक आहेत. त्यांचे आकडे माझ्याहून भयंकर, आणि ते माझ्या वाटणीचाही नाश्ता मागून खातात. ते अत्यवस्थ आहेत, असे मी त्यांना सविस्तर पटवून दिले. ते म्हणाले, “साहेब, आजारी मी, मग रडताय तुम्ही का? ते केळं खाणार नसाल तर इकडे द्या.”

खरा घोटाळा पुढे आहे. आपल्या भगिनीचा अहवाल माझ्या मोबाईलवर आला. आयुष्यभर मी लेखापरीक्षण केले. आकडे दिसले की शेरा लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. मी तिला मुद्देसूद कळवले, की तुझे सर्व निर्देशांक माझ्यापेक्षा वाईट असून उतरण्याचे चिन्ह नाही; तरी काळजी नसावी. (शेवटचे वाक्य धीर देण्यासाठी होते.) तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. जेवणाचे ताट परत पाठवते. पालथी झोपत नाही, प्राणवायूचा मास्क काढून ठेवते. सिस्टरना म्हणाली, “आमच्या ह्यांचा आकडा कधी चुकत नाही हो. आता कशाला उगाच ओढाताण?”

डॉक्टरीणबाई सांगतात, की नुसत्या आकड्यांवरून माणूस ठरत नाही. तिने साथ दिली तर आशा आहे. बाकी सर्व क्षेम.

आपल्या भगिनीचा नवरा

ता. क. : तिला लगेच फोन करावा. आपला ती उचलेल. सांगावे, की त्या गाढवाने दुसऱ्याच कोणाचा तरी अहवाल तुझा म्हणून वाचला. मी सांगून तिला पटणार नाही. आपण लग्नाच्या बोलणीपासून मला मूर्ख म्हणत आला आहात; आपल्या तोंडी ते खरे वाटेल. हातचे राखून बोलू नये.

ता. क. दुसरा : अहवाल पुन्हा तपासला. तिचाच आहे. आपण मात्र मोठ्याने हसूनच सांगावे.